कंपनीचा सायलेन्सर

शिवकन्याला आधी वाटलं, हा आवाज आपल्या डोक्यातच होतोय. खर्र... खर्र... खर्र. झरी मागं पडलं होतं. रस्ता ओला होता. परतीचा पाऊस सकाळपासून नुसता रेंगाळत होता, धड पडतही नव्हता आणि धड उघडतही नव्हता. परभणीच्या डेअरीवर दूध घालून, रिकामे कॅन मागं खडखडवत ती बोरीकडं निघाली होती. अंधारातच घर सोडलं होतं, आणि आता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आवाज म्हणाल तर तिच्या पिकअपला कायमचाच होता. तो एवढा, की वाटेवरच्या वस्त्या घड्याळाकडं न बघता त्या आवाजावर उठायच्या आणि कॅन घेऊन रस्त्यावर यायच्या. पण हा आवाज काही रोजचा नव्हता.

तेवढ्यात आरशात एक माणूस दिसला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पाना, आणि गाडीमागं धावतोय. दूध मागणारा असेल म्हणून तिनं वैतागून ब्रेक दाबला, काच खाली केली आणि तो तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "दूध संपलं."

तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. "दूध नको मला," त्याला कसंबसं बोलता आलं. "तुमचा सायलेन्सर... रस्ता घासत चाललाय."

तिनं उतरून खाली वाकून पाहिलं. खरंच की. गंजलेला लांबलचक सायलेन्सर मागच्या बाजूनं सुटून रस्त्याला टेकला होता आणि पुढच्या बाजूनं मात्र इंजिनाला घट्ट धरून होता. तिला रडू यावं की हसू, कळेना. रडायला अंगात ताकद लागते, म्हणून ती हसली. तो तिच्याकडं बघतच राहिला, आणि मग आपण बघतोय हे लक्षात आल्यावर पान्याकडं बघायला लागला.

त्याचं नाव योगीराज. पुण्याच्या एका गॅरेजात बरीच वर्षं काढून उन्हाळ्यात परत आलेला, आणि पोळ्यापासून इथल्याच फाट्यावर कमलबाईच्या चहाच्या टपरीला लागून पत्र्याचं शेड टाकून बसलेला. शिवकन्या रोज तिथून जायची, पण तिनं ते शेड कधी नीट पाहिलं नव्हतं. पहाटे अंधार असायचा आणि परत येताना डोळे उघडे ठेवण्यातच सगळा जीव जायचा. तिनं गाडी मागं घेतली. कमलबाईनं न विचारताच चहा ठेवला. योगीराज गाडीखाली सरकला, आणि बाहेर राहिले फक्त त्याचे दोन पाय.

बराच वेळ ठोकाठोकी झाली. मग खालून आवाज आला, "हे कुणी केलंय?"

"काय?"

"नट कुठाय, सांधा कुठाय, काई कळंना गेलंय. नुसतं वेल्डिंगचं वारूळ."

शिवकन्यानं कपाळाला हात लावला. हे नानांचं काम, दुसऱ्या कुणाचं असणार? तिचे वडील दिनकरराव. पिकअप त्यांनी नवीकोरी घेतली होती, आणि त्यातली कंपनीची एकूण एक वस्तू त्यांना लेकरासारखी. सायलेन्सर पहिल्यांदा फुंकायला लागला तेव्हा लोक म्हणाले, दुसरा टाका. नानांनी साफ नाही म्हटलं. कंपनीनं दिलाय तो, त्याच्यासारखा दुसरा मिळत नसतो. मग बोरीच्या बाजारात बसणाऱ्या वेल्डरकडून सांध्यावर, नटांवर, जिथं म्हणून लोखंड दिसेल तिथं वेल्डिंग मारून घेतलं आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, आता जन्मात निघायचा नाही. त्यानंतर दरवर्षी एक नवं ठिगळ. पुढं नानांचं कंबरडं गेलं, ते बाजेवर पडले आणि गाडी शिवकन्याकडं आली. त्याला तीन वर्षं झाली. सायलेन्सर मात्र नानांच्या शब्दाला जागून होता.

हे सगळं तिनं त्या दोन पायांना सांगितलं. पायांशी बोलायला बरं असतं. समोर तोंड असलं की माणूस शब्द तोलतो, पायांसमोर काय तोलायचं?

"धूर आत यायला असंल," पाय म्हणाले. "डोकं दुखतंय का?"

"दुखतं की. झोप झाली न्हाई की दुखणारच."

"मग झोप कधी झालती?"

तिनं खरोखरच आठवून पाहिलं. "दिवाळीत... मागल्या."

खालून हसण्याचा आवाज आला. पाना कुठंतरी टणकन पडला.

"हसायला काय झालं?" ती म्हणाली. "रविवारी पाव्हणे यायलेत मला बघायला. पोरगा वाळूजला कंपनीत हाय. लग्न झालं की गाडीबिडी बंद, असं त्यांनी आधीच सांगितलंय. गाडी विकून आई म्हशी घेणार हाय. म्हणून तर दुरुस्त करायची. गिऱ्हाईक म्हणतंय, आवाज नको."

पायांची हालचाल थांबली. "आन् तुमी काय म्हणायलाव?"

आता इथं कुणीही पोरगी लाजली असती. शिवकन्याला लाजायचाही कंटाळा आला होता. तिनं खरं ते सांगितलं, की मी हो म्हणणार. पोराचा फोटो तिनं एकदाच पाहिला होता, नाकडोळे नीट आठवतही नव्हते. पण वाळूजला सकाळी सातपर्यंत झोपता येतं, असं मावशी म्हणाली होती. सातपर्यंत. एवढ्या एका गोष्टीसाठी ती कुणालाही हो म्हणायला तयार होती, आणि हे तिनं आजवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. एका अनोळखी माणसाच्या चिखलानं भरलेल्या पायांना सांगून बसली.

योगीराज बाहेर सरकला. तोंड काळं, केसांत गंज, आणि कपाळावर विचारात पडल्यासारखी आठी. सांधा कापावा लागेल, तो म्हणाला. आणि बदलायला सायलेन्सर त्याच्याकडं होता. जिंतूरच्या एका हौशी पोरानं फटाके फोडणारा पाइप बसवायचा म्हणून आपल्या अशाच पिकअपचा चांगला, जवळजवळ नवा सायलेन्सर काढून इथंच टाकला होता. तोही कंपनीचाच.

"नानांना चालंल?" त्यानं विचारलं.

"नानांना सांगणार कोण?"

"बसा मग. जरा दम खावा. तोंड बघा कसं झालंय तुमचं."

"कसं झालंय?"

तो गडबडला. "म्हणजे... चांगलंच हाय. पण बेजार झालंय."

कमलबाई चहा गाळता गाळता गालात हसली. शेडात जुन्या जीपमधून काढलेली एक लांब सीट भिंतीला लावून ठेवली होती, वर पंखा. पावसाळी उकाडा, चहा पोटात गेलेला. शिवकन्या टेकली. पाचच मिनिटं, असं तिनं स्वतःला बजावलं.

जाग आली तेव्हा आधी तिला कळेचना आपण कुठं आहोत. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरचं पान फडफडत होतं, खाली पडत होतं, पुन्हा उचललं जात होतं. ती ते बघत तशीच पडून राहिली. अंगातलं काहीतरी मोठं ओझं कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं. पायांवर कुणीतरी धुतलेली सोलापुरी चादर टाकली होती. मग दाराबाहेरचं ऊन तिला दिसलं आणि ती ताडकन उठली. पाऊस उघडला होता, आणि उन्हं उतरायला लागली होती.

बाहेर गाडी तयार होती. जुना सायलेन्सर जमिनीवर आडवा पडला होता, आणि त्याच्या शेजारी योगीराज भिंतीला टेकून बसला होता. लांबून चालत आल्यासारखा दमलेला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. शिवकन्याला त्याचं काही दिसलं नाही, तिला दिसली फक्त वेळ. तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एवढ्याशा कामाला एवढा वेळ? आणि उठवायचं नाही माणसाला? घरी आई काळजीनं अर्धी झाली असेल. कमलबाई मध्ये पडली. फोन वाजला होता, तो तिनंच उचलला होता आणि आईला गाडी गॅरेजात आहे म्हणून सांगितलं होतं.

"पण एवढा वेळ कशाला लागला?"

योगीराजनं जमिनीकडं बघत उत्तर दिलं. "लाईट गेलती. कटर मशीन चालंना. हातानं कापावं लागलं... हेक्सा ब्लेडनं."

तिची नजर त्या फडक्यावर गेली. बोलून बसल्याचं वाईट वाटलं, पण माफी मागायला सुचेना. त्यानं जुना सायलेन्सर उचलून गाडीत मागं ठेवला. आवाज नाही म्हटल्यावर नानांना कळणारच, म्हणाला, मग बघू देत. मग चावी तिच्या हातात देताना तो थांबला.

"काय?" तिनं विचारलं.

"काई न्हाई. धूर येणार न्हाई आता."

तिनं गाडी सुरू केली आणि ती चक्क दचकली. आवाजच नाही. सुरू झाली की नाही हे बघायला पुन्हा चावी फिरवली, तशी कमलबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. निघताना कमलबाई खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "सगळ्या बायांना ताई म्हणतोय हा. मला मावशी म्हणतोय. तुला काय म्हणला गं दिवसभर?"

शिवकन्यानं आठवून पाहिलं. काहीच म्हणला नव्हता.

घरी आली तर ओसरीवर सामसूम. एरवी गाडी वळणावर आली की नाना बाजेवरून ओरडायचे, "आली गं, चहा ठेव," आणि ती दारात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असायची. आज ती समोर उभी राहिली तरी नाना दाराकडं कान देऊन पडलेले. तिला बघून ते बावचळले. आलीस कधी, आवाज नाही आला. आई, धुरपताबाई, घाईघाईनं चुलीकडं पळाली.

कापलेला सायलेन्सर पाहून नानांनी हात पुढं केला. तिनं तो उचलून बाजेशेजारी ठेवला. नानांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, एखाद्या गाईच्या पाठीवरून फिरवावं तसं.

"हे मशीननं कापलेलं न्हाई," ते म्हणाले. "मशीनचा काप जळका असतोय. हे हातानं कापलंय. लय निगुतीनं. अर्धा दिवस तरी घासला असंल गडी."

"लाईट नव्हती नाना. म्हणून..."

आणि ती तिथंच थांबली. डोळ्यांसमोर कॅलेंडरचं पान आलं. खाली पडतंय, पुन्हा उचललं जातंय. वारा कुठला होता शेडात? डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काई न्हाई," ती म्हणाली, आणि आईनं दिलेला चहा हातात धरून उगीचच अंगणात गेली. चहा कपात निवून गेला. तिच्यासाठी आजवर पुष्कळांनी पुष्कळ केलं होतं. पण तिला झोपू द्यावं म्हणून कुणी काही केलेलं तिला आठवेना, आणि ती तशीच तुळशीच्या कट्ट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटे, सगळा घोळ झाला. पिकअप मांजरीच्या पावलानं वस्तीवर जाऊन उभी राहिली आणि एक माणूस बाहेर येईना. कॅन नाही, दिवा नाही, सगळे आपले आवाजाची वाट बघत अंथरुणात. शिवकन्यानं हॉर्न वाजवला तर कुत्री उठली. दारोदार हाका मारत फिरावं लागलं. पंचफुलाकाकू डोळे चोळत आली आणि उलट तिलाच बोलली, की अगं, येणार नव्हतीस तर सांगायचं तरी. मी आलेय की काकू, म्हणत शिवकन्यानं तिचा कॅन उचलला. उद्या पाहुणे. मग लग्न. मग वाळूज, आणि सातपर्यंत झोप. ती स्टिअरिंग धरून स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि कालपर्यंत जे ऐकून बरं वाटायचं ते आज नुसतंच कानावर पडत होतं.

फाट्याजवळ उजाडायला आलं होतं. पुन्हा भुरभुर लागली होती. आणि रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, हातात बॅटरी घेऊन योगीराज उभा होता.

तिनं गाडी थांबवली. काच खाली केली.

"दूध संपलं न्हाई आज," ती म्हणाली. "किती पाहिजे?"

तो हसला नाही. त्याचे डोळे लाल होते. "आज उशीर केलाव," म्हणाला.

"पावसात कशाला उभे राहिलाव?"

"आवाज येत न्हाई ना आता." तो बॅटरीच्या बटनाशी चाळा करत होता. "पोळ्यापासून ऐकायलोय. तुमची गाडी गेली की मी उठायचो. कोण हाय, कसली गाडी हाय, कधी बघितलं नव्हतं. परवा पहिल्यांदा आवाजातला फरक कळला, काल सायलेन्सर घासायला लागल्यावर तर पळतच सुटलो. आन् मीच तो आवाज बंद करून बसलो. आता बाहेर उभं राहिल्याबिगर कसं कळणार... तुमी गेलाव का न्हाई ते."

पावसाचे थेंब टपावर वाजत होते. शिवकन्यानं इंजिन बंद केलं. चालू होतं तेव्हाही आवाज नव्हता, पण तरी.

"काल लाईट गेली नव्हती," ती म्हणाली.

त्यानं पोत्याची खोळ पुढं ओढली.

"पंखा चालू होता, योगीराज."

"...हो."

"मग मशीन का न्हाई लावलं?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "मशीन लावलं असतं तर तुमी उठला असताव."

त्याचा उजवा हात बॅटरीवर होता, आणि बोटांवरचे फोड आता उघडेच दिसत होते. तो घाईघाईनं बोलायला लागला, जणू ती गप्प राहिली तर काहीतरी बिघडेल. म्हणाला, उद्याचं दूध मी घेऊन जातो. मला वस्त्या सांगा फक्त. पाव्हणे यायचेत, तुमी झोपा सकाळी, डोळे सुजलेले बरे दिसणार न्हाईत. एवढं बोलला आणि स्वतःच मान खाली घातली.

शिवकन्याला त्याचा राग आला. इतका आला की डोळ्यांत पाणीच आलं. "पाव्हण्यांसाठी झोपू व्हय मी?"

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "ऐका. मला वाळूज नको होतं. नवराबी नको होता. मला झोप पाहिजे होती. ती तर तुमच्या शेडात लागली, तुटक्या सीटवर. आता..." ती अडखळली. एवढं बोललो आहोत तर पुढचंही बोलून टाकू, असं तिनं ठरवलं. "आता नवऱ्याचं काय करायचं ते तुमी सांगा."

योगीराजच्या हातातली बॅटरी चिखलात पडली. ती उचलायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. टपरीतून कमलबाईचा खाकरण्याचा आवाज आला, म्हणजे ही बाई मघापासून सगळं ऐकत होती.

"मी तर..." तो म्हणाला, "मी तर पोळ्यापासून..."

"ते कळलं."

तिनं फोन लावला. नाना जागेच असणार हे तिला माहीत होतं. रोज तिच्या गाडीचा आवाज गावाबाहेर विरेपर्यंत ते जागे असायचे, आज तर आवाजच नव्हता. तिनं सांगितलं, नाना, पाव्हण्यांना नका येऊ म्हणून कळवा. गाडी विकायची नाही. पलीकडं आधी आईचं काय झालं काय झालं, आणि मग नानांनी हळूच विचारलं, "ज्यानं हातानं कापलं, त्यो का?"

"व्हय."

"बरं," नाना म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "संध्याकाळी घेऊन ये त्याला. तुझ्या आईचं मी बघतो."

फोन ठेवून शिवकन्यानं दार उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती स्टिअरिंग सोडून पलीकडच्या सीटवर सरकली. दूध वेळेत पोचायला पाहिजे, ती म्हणाली, आणि आपल्याला तर डोळे उघडवत नाहीत. योगीराज पोत्याची खोळ काढून, पाय झटकून, देवळात शिरावं तसा आत बसला. लोक बघतील, असं तो पुटपुटला. बघू देत, ती म्हणाली. आवाज तर नाही ना करायलो आपण.

गाडी निघाली. तिनं डोकं काचेला टेकवलं. काच गार होती. मागं कॅन भरलेले होते, तरी वाजत नव्हते, कारण तो प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून मग पुढं काढत होता. अशानं डेअरी बंद होईल, असं तिला सांगायचं होतं.

"योगीराज..."

"झोपा," तो म्हणाला. "मी हाय."

तिनं डोळे मिटले. झरी कधी मागं पडलं, तिला कळलंच नाही.